मामाजींचा गरम फ्रिज

आमच्या गल्लीत फ्रिज घरोघरी आहेत, पण गरम फ्रिज एकाच घरात आहे. तो उभा नाही, मधल्या खोलीत पाठीवर निजवलेला आहे. वरच्या दाराला चौकोनी भोक पाडून काच बसवली आहे, कडेला हवेसाठी बारीक भोकांची रांग, आणि आत एक पिवळा बल्ब, त्याच्यावर उपडं घातलेलं काळं मडकं. हिवाळ्यात रोज संध्याकाळी घरमालक त्याच्यापुढे गुडघे टेकतात, दार वर उचलतात, कानटोपी काढतात आणि आपलं टक्कल आत घालतात. दोन-चार मिनिटं तसेच. मग विहिरीतून यावा तसा आवाज येतो, "अठ्ठावीस."

मी हे पहिल्यांदा बघितलं तेव्हा माणसाला चक्कर आली समजून पाण्याचा तांब्या घेऊन पळत गेलो होतो. त्यांनी डोकं बाहेर न काढता विचारलं, "काऊन धावून राहिला गा? आग लागली काय?"

फ्रिजात थर्मामीटर आहे. त्यावरचा आकडाही बहुतेक अठ्ठावीसच असतो. मग टक्कल कशाला, असं मी एकदा धीर करून विचारलं.

"निस्ता मीटर पाहून हात घालनारा लाइनमन लवकर मरते," ते म्हणाले. "मीटर सांगते तेही आयकाचं. पन पहिले आपल्या अंगाले विचाराचं."

हे चैतराममामाजी. सख्खे भाचे त्यांना दोनच, पण गल्लीतलं शेंबडं पोरही त्यांना मामाजी म्हणतं. नोकरी विजेची. देवरीच्या जंगलातल्या लाइनी, दरेकशाच्या डोंगरातल्या लाइनी, पावसात, अस्वलांच्या वाटेवर, जिथं तार तुटली तिथं हा माणूस खांबावर. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, पण बोलणं अजून खांबावरून उतरलेलं नाही. कुणी आजारी पडला की "त्याचा होल्टेज कमी हाय." कुणाचं लग्न ठरलं की "जोडनी झाली." सकाळी भेटले तर रामराम नाही, थेट "चालू का बंद?" आपण "चालू" म्हणायचं आणि पुढे जायचं. समोरच्या कटरेबाईंचे यजमान वारले त्या आठवड्यात तेवढं त्यांनी विचारणं थांबवलं होतं.

मला ते सांगली म्हणतात. माझं नाव त्यांना माहीत आहे, भाडेकरूचा फॉर्म त्यांनीच भरला. पण खात्यात ते माणसांना सबस्टेशनच्या नावानं हाक मारत, ती सवय गेली नाही. मी सांगली जिल्ह्यातला, विट्याकडचा. आमच्याकडची निम्मी माणसं गलाईच्या धंद्यात मुलूखभर पांगलेली आहेत. गलाई म्हणजे सोनारांकडचं मोडीचं सोनं-चांदी वितळवून, तेजाबात, म्हणजे ॲसिडात, घालून शुद्ध करून द्यायचं. शाळा मी सातवीत सोडली आणि चुलत्याच्या मागं निघालो. भट्टी, मूस आणि तेजाब, एवढंच मला येतं. आता तेजाबाचा वास असा की ज्याच्या हाताला तो चिकटला त्याला कोणी खोली देत नाही. गोंदियात मी दारोदार फिरलो. कुणी नाक दाबून नाही म्हटलं, कुणी गोड हसून.

मामाजींनी माझ्या बोटांवरचे पिवळे डाग बघितले आणि विचारलं, "आगीचा धंदा होय ना?"

"व्हय."

"मंग ठीक हाय. आगीवाला मानूस बेफिकीर नसते."

राहायला खोली दिली. मागच्या अंगणातली टिनाची खोली भट्टीला दिली. धूर ओढणारा पंखा स्वतः बसवला, धुराडं स्वतः वर चढून बांधलं, तेही गुडघे दुखत असताना. मी बेफिकीर नाही, हे त्यांनी बरोबर ओळखलं होतं. मी कुलूप लावून गल्लीच्या तोंडापर्यंत जातो आणि भट्टी विझली का बघायला परत येतो. या माणसाचं आपल्या हातून काही बिघडू नये, ही माझी या गावातली सगळ्यात मोठी काळजी होती. आणि बिघडू नये तेच मी बिघडवलं.

फ्रिजात कासवं आहेत. तुमच्या-आमच्या तळ्यातली नव्हेत, बाहेरदेशच्या उष्ण पावसाळी रानातली, जमिनीवर चालणारी. पायांवर लाल ठिपके, कुंकवाचं बोट टेकवल्यासारखे. पुण्यात मामाजींच्या मुलानं ती आपल्या लेकीसाठी रीतसर कागदपत्रं करून घेतली, मग दोघं नवराबायको दिवसभर कामावर, पोरगी शाळेत, म्हणून "एवढा एक हिवाळा" सांभाळायला वडिलांकडे आणून ठेवली. त्याला आता तिसरा हिवाळा चालू आहे. पाहुणा आला तर मामाजी आधी कपाटातून फाइल काढतात. "पहिले कागद पाय, मंग कासव पाय." जंगलाच्या तोंडचा जिल्हा. घरात कासव दिसलं की लोकांच्या डोळ्यांपुढे खाकी वर्दी येते.

नावं त्यांनी ठेवली आहेत आर, वाय आणि बी. विजेच्या तीन तारांची नावं. बी सगळ्यात लहान, तळहातात मावेल एवढा. तो जेवला नाही तर मामाजी अंगणात येऊन जाहीर करतात, "बी फेज डाउन हाय."

गोंदियाची थंडी ज्यानं काढली नाही त्याला हे सगळं थट्टेचं वाटेल. पौषात सकाळी तोंडातून वाफ निघते, नळाचं पाणी बोटं चावतं. या कासवांना तर थंडी म्हणजे काय तेच माहीत नाही. ती हिवाळ्यात निजत नाहीत. ऊब गेली की खाणं सोडतात, नाक वाहतं, मग छाती भरते. मी एकदा म्हटलं, "मामाजी, पुण्यात एवढी थंडी नसती. तिकडंच बरी होती की."

"तिकडं थंडी कमी हाय, बरोबर. पन तिकडं टाइम बी कमी हाय," ते म्हणाले आणि मडकं पुसायला लागले.

बल्बचं प्रकरण आणखी वेगळं. जुने तारेचे पिवळे बल्ब आता दुकानदार ठेवत नाहीत. मामाजी दसऱ्यापासूनच त्यांच्या शोधात निघतात. आमगाव, सालेकसा, देवरी. बसनं जायचं, दुकानदाराला माळ्यावर चढवायचं, धुळीतलं खोकं खाली काढायला लावायचं. "एलईडीनं उजेड पडते, ऊब नाई पडत," हे त्यांचं वाक्य जिल्ह्यातल्या प्रत्येक इलेक्ट्रिकवाल्याला पाठ आहे. एकानं म्हणे विचारलं, "मामाजी, इतने बल्ब का करोगे क्या?" तर हे म्हणाले, "तीन लेकरं हायत घरी."

या कटरेबाई जिभेनं तिखट आहेत. "या घरी फ्रिजात गरम ठेवतात," त्या म्हणतात, "मंग चुलीवर काय थंड करता बापा?" पण त्यांच्या दारातली जास्वंदाची फुलं रोज न मागता या ओट्यावर येऊन पडतात, आणि लाल भोपळा, इकडचं कोहळं, चिरला की एक फोड आधी कासवांची. फ्रिजाच्या बर्फाच्या कप्प्यात मामाजींचा मफलर आणि पायमोजे असतात. "लेकराइच्या उबेत आपलीबी थंडी निंगते," म्हणतात.

तर या पौषात मामाजींच्या उजव्या डोळ्याचा मोतीबिंदू काढायचा ठरला. नागपूरला भाच्याकडे राहायचं, तीन-चार दिवसांचं काम. मुलाला कळवलं नाही. "त्याले सुट्टी कुठं भेटते. निस्ता फोनवर घाबरंल." जाताना त्यांनी मला फ्रिजापुढं उभं केलं आणि खात्यात असताना खांबावर चढणाऱ्याला सांगत तसं सांगितलं. बल्ब गेला तर दुसरा इथं. पाणी कोमट, बशीत, गळ्याच्या वर नको. दिवसातून एकदा दार उघडून हवा. आणि लाइट गेली तर रबरी पिशव्या. गरम पाणी भरायचं, फडक्यात गुंडाळायचं, दोन बाजूंना ठेवायचं, गार झाली की पुन्हा.

"दोन घंट्यानं बदलाजो. आळस करजो नको."

"न्हाई मामाजी."

"चालू का बंद?"

"चालू."

पहिला दिवस छान गेला. दुसऱ्या दिवशी सकाळी गल्लीच्या कोपऱ्यावरची डीपी मोठा आवाज करून बसली. लाइट गेली. मी पिशव्या भरल्या. दोन तासांनी पुन्हा भरल्या. हातात सोनाराचं काम होतं, आणि भट्टी सोडून उठायचं, चूल पेटवायची, पाणी तापवायचं, हे तिसऱ्यांदा करताना माझ्या डोक्यात आलं, अरे, ज्याच्या घरी अख्खी भट्टी पेटलेली आहे त्यानं रबरी पिशव्या कशाला भराव्यात? उबेचं मला कुणी शिकवायला नको. माझं आयुष्य त्यातच गेलं. घमेल्यात पोतं घातलं, तिघांना त्यात ठेवलं आणि टिनाच्या खोलीत भट्टीपासून लांब, कोपऱ्यात नेऊन ठेवलं. आर लगेच मान काढून चालायला लागला. मला माझाच अभिमान वाटला. तेजाबाचं काम आज करायचं नाही, एवढंही मी ठरवलं होतं.

दुपारी सोनार आला. लग्नाचं काम, थोडीच मोड, आत्ता पाहिजे. मी म्हटलं उद्या. तो म्हणाला, "दस मिनट का काम है, भाऊ." आणि खरंच दहाच मिनिटांचं होतं. हात सवयीनं चालतात. तेजाब ओतलं, तांबूस धूर उठला, मी सवयीनं पंख्याकडं बघितलं आणि पंखा बंद होता. लाइट नाही तर पंखा कुठला. सगळा धूर टिनाखाली फिरून कोपऱ्यात उतरला.

मी घमेलं उचलून अंगणात धावलो. आर आणि वायच्या डोळ्यांतून पाणी येत होतं, पण पाय हलत होते. बीनं मान आत घेतली होती. डोळे मिटलेले. नाकपुडीवर एक बारीक फुगा यायचा, फुटायचा, पुन्हा यायचा.

मामाजींना फोन लावला. "बीचे डोळे बंद हायत," एवढंच म्हटलं. तेजाबाचं नाव काढलं नाही.

तिकडून आवाज अगदी शांत आला. "घाबरू नको. लाइनमन घाबरला का हात चुकते. पहिले त्याले चांगल्या हवेत आन. आनलं?"

"व्हय."

"आता कोमट पान्यात पाय बुडतीन एवढं ठेव. डोळ्याले पान्याचं बोट लाव. मंग फडक्यात, पोटाशी धरून बस. तुयी ऊब त्याले भेटू दे. कटरेबाईले पिशव्या भराले सांग. लाइनवर पोरं चढले असतीन, त्याइले घाई करू नको."

मी शर्टाच्या आत बीला धरून ओट्यावर बसलो. कटरेबाई पिशव्या भरून आणत होत्या. दिवेलागणीला लाइट आली. मी तिघांना फ्रिजात ठेवलं.

दुसऱ्या दिवशी दुपारच्या गाडीनं मामाजी आले. भाच्याचं ऐकलं नाही, एक दिवस आधीच निघाले. डोळ्यांवर काळा चष्मा, हातात औषधांची पिशवी. पायपुसण्यावर पाय न पुसता थेट मधल्या खोलीत. फ्रिजापुढं उभे राहिले, वाकायला गेले आणि थांबले.

"डोस्कं खाली घालाचं नाई म्हनते डाक्टर. तू घाल."

मी गुडघे टेकले आणि डोकं आत घातलं.

"किती?"

"गरम हाय."

"गरम तं तवाबी असते. किती?"

"सव्वीस असंल."

त्यांनी थर्मामीटर बाहेर काढून डाव्या डोळ्याजवळ धरला. "तीस. तुया डोस्क्यावर दरेकशाचं जंगल हाय, तुले काय समजते."

आत बीचा तो बारीक श्वास ऐकू येत होता. त्यांच्या तोंडाकडं बघून मला सांगता आलं नसतं, म्हणून डोकं फ्रिजातच ठेवून मी सगळं सांगून टाकलं. भट्टी, घमेलं, सोनार, तेजाब, पंखा. खोली आजच रिकामी करतो, असंही म्हटलं.

बाहेर स्टूल सरकलं. मग आवाज आला, "बाहेर निंग. त्याइच्या वाट्याची हवा पिऊन राहिला."

मी बाहेर निघालो. मामाजी स्टुलावर बसले होते.

"चार होते," ते म्हणाले. "न्यूट्रल होता चवथा, काळ्या तारेवाला. बीहून बी लहान. पोरानं कागदावर लिहून देल्लं होतं, हे निजत नाईत, गरम ठेवा. मी म्हनलो, कासव मले शिकवतो काय. लहानपनी इटियाडोहाकडे मामाच्या गावी पायलं होतं ना आपन. थंडी पडली का तळ्यातले कासव चिखलात खाली जाऊन निजतात. मंग मी टोपलीत धानाची तणस घातली, चौघाइले ठेवलं, वरून घोंगडं टाकलं. म्हनलो, निजा. चवथ्या दिवशी घोंगडं काढलं तं तिघं कसेबसे हालले." त्यांनी चष्मा नीट केला. "तुयावालं ध्यान नव्हतं. माह्यावालं घमंड होतं."

"माझीबी घमेंडच हुती मामाजी."

"मंग दोघंबी सारखेच. चाय ठेव."

खोलीचा विषय तिथंच संपला. संध्याकाळी सरकारी दवाखान्यातले जनावरांचे डॉक्टर आले. "मामाजी, मी बैलांचा डॉक्टर," असं दारातच म्हणाले, तरी बॅटरी लावून नीट बघितलं. डोळ्यांसाठी साधं मिठाच्या पाण्याचं औषध दिलं, ऊब आणि स्वच्छ हवा सांगितली, आणि नाक थांबलं नाही तर नागपूर. आता घरात डोळ्यांच्या औषधाच्या दोन शिश्या झाल्या. कासवाच्या शिशीला मी लाल दोरा बांधला. सकाळी एक थेंब बीला, एक मामाजींना. दोघंही सारखंच तोंड फिरवायचे.

पुढचे दिवस कसे गेले ते मलाच माहीत. भट्टी मी लावलीच नाही. मामाजी दर तासाला विचारायचे, "बी?" आणि मी म्हणायचो, "डाउन." पाचव्या दिवशी कटरेबाईंच्या जास्वंदाचं फूल बीच्या तोंडापुढं धरलं, तर त्यानं एक डोळा उघडला. मग दुसरा. फुलाकडं बघितलं आणि पाकळीचा एक लचका तोडला. मामाजी उठले आणि आपला मफलर गरम व्हायला कप्प्यात ठेवला.

त्यानंतरचा रविवार. रविवारी संध्याकाळी मी माझ्या खोलीत घरी बायकोला फोन लावून बसलेला असतो, म्हणून या वेळचं मामाजींचं घर मी कधी बघितलं नव्हतं. त्या दिवशी त्यांनी हाक मारली. "सांगली, फोन पकड. एका डोयानं जमून नाई राहिलं."

पुण्याहून नात होती, सई, नऊ वर्षांची. तिच्यासमोर मामाजींची भाषाच बदलते. पाहुण्यांकडं कडक इस्त्रीचा सदरा घालून बसल्यासारखे बोलतात.

"आजोबा, काळा चष्मा का?"

"ऊन होतं बाळा."

"हजेरी. आर?"

मामाजींनी आरला फोनपुढं धरलं. एक सांगायचं राहिलं, प्रत्येकाच्या पाठीवर रंगीत टेपचा एवढासा तुकडा असतो. लाल, पिवळा, निळा. सईनंच पाठवताना चिकटवले होते, त्यावरूनच मामाजींना नावं सुचली; उखडले की ते नवे लावतात. लाल झाला, पिवळा झाला.

"बी? मागच्या रविवारी तुम्ही दाखवलाच नाही."

बी आला. निळा तुकडा, तोंडाला कोहळ्याचा लगदा. ती हसली, म्हणाली किती घाणेरडा आहे. मला वाटलं झालं. मी फोन खाली घ्यायला लागलो.

"न्यूट्रल?"

मामाजी फ्रिजाकडं वळले, माझ्याकडं बघितलं नाही. खिशातून काळ्या टेपचं रीळ काढलं, दातानं नखाएवढा तुकडा तोडला, बीच्या पाठीवरचा निळा काढून काळा चिकटवला. पंचाच्या टोकानं त्याचं तोंड पुसलं, त्याला दुसऱ्या बाजूनं फिरवलं आणि फोनपुढं धरलं.

"हा घे. जेवला तो. थोडाच जेवतो, लाजाळू आहे ना."

"हा मोठाच होत नाही," सई म्हणाली. "मे महिन्यात मी येईन ना, तेव्हा मीच भरवीन त्याला."

मी फोन दोन्ही हातांनी धरला.

फोन संपला. मामाजी काळा तुकडा काढून निळा लावत बसले. एका डोळ्यानं नेमका बसत नव्हता, मी लावून दिला. थोड्या वेळानं मी विचारलं, "मे महिन्यात ती येणार म्हंती. मग?"

"तवापावत मोठी होईल. मोठ्या मानसाले सांगता येते." बीला त्यांनी दोन्ही हातांनी मडक्याजवळ ठेवलं. "मांगच्या वरसीबी असंच म्हनलो होतो."

मी दार धरून तसाच उभा होतो.

"झाकण लाव गा," ते म्हणाले. "ऊब जाऊन राहिली."